कूलंटच्या बाटलीत कॉफीसारखी साय: हेड उतरवण्याआधी काय तपासाल

गडहिंग्लजच्या एका मुलाने विचारलंय. वडिलांची दहा वर्षांची डिझेल गाडी, १ लाख ४० हजार किलोमीटर झालेली. घरचे सगळे आजरा-आंबोलीमार्गे सावंतवाडीला जाऊन आले. दुसऱ्या दिवशी बॉनेट उघडलं, तर कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) बाटलीत कॉफीच्या रंगाची घट्ट साय. तापमानाचा काटा प्रवासात एकदाही वर चढला नाही. धूर नाही, गाडी एका सेल्फमध्ये सुरू होते, ऑइलची पातळी बघायची पट्टी काढून पाहिली तर ऑइल नेहमीसारखंच काळं. गॅरेजवाले म्हणतात हेड गॅस्केट गेलंय (हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, गॅस्केट म्हणजे तो आणि खालचा ब्लॉक यांच्या मधलं सील), हेड उतरवावं लागेल. त्याचे वडील, अण्णा, विचारतायत, उतरवू द्यायचं का?

आज तरी नको. तुम्ही सांगितलेल्या खुणा हेड गॅस्केटपेक्षा ऑइल कूलरकडे जास्त बोट दाखवतात. आधी कूलर तपासून घ्या. आणि तोपर्यंत गाडी सुरू करू नका, गॅरेजपर्यंतसुद्धा चालवत नेऊ नका. टो करा.

कोल्हापुरात तीस वर्षं मी इंजिनाचंच काम करतोय. या दुखण्यात सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते घाईने हेड खोलण्यात, असा माझा अनुभव आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो, म्हणजे अण्णांना गॅरेजमध्ये उभं राहून नेमकं काय विचारायचं ते कळेल.

पहिला प्रश्न असा: ऑइल कूलंटमध्ये गेलंय, की कूलंट ऑइलमध्ये आलंय? दोन्हीला लोक 'ऑइल-पाणी मिक्स' असं एकच नाव देतात, पण दुखणी वेगळी आहेत. इंजिन गरम असून रस्त्यावर पळत असतं तेव्हा ऑइलचं प्रेशर साधारण ३ ते ४ बार असतं. कूलंटच्या बाजूला झाकणाचा व्हॉल्व्ह जेवढं धरून ठेवतो तेवढंच, म्हणजे बहुतेक गाड्यांत १ ते दीड बार. दोघांच्या मधली भिंत फुटली की जास्त प्रेशरवालं कमी प्रेशरकडे जाणार, म्हणजे ऑइल कूलंटमध्ये घुसणार. ही भिंत इंजिनात सगळ्यात पातळ असते ती ऑइल कूलरमध्ये. ऑइल फिल्टरच्या बुडाशी बसवलेली ती छोटी चौकोनी वस्तू म्हणजे पातळ अॅल्युमिनियम पत्र्यांची चवड असते. एका पत्र्याआड ऑइल फिरतं, दुसऱ्याआड कूलंट. घाट चढताना ऑइल तापतं, उतरताना निवतं, आणि पत्रे दर वेळी ताणले-आखडले जातात. दहा वर्षांनी एखाद्या सांध्याला केसाएवढी चीर पडते. आंबोलीच्या चढात ती उघडली असेल, तर तुमच्या बाटलीत जे दिसलं तेच दिसायला हवं: वर तपकिरी साय आणि खाली पट्टीवर स्वच्छ ऑइल.

पट्टी कायम स्वच्छ राहील असं मात्र नाही. इंजिन बंद केलं की ऑइलचं प्रेशर क्षणात शून्यावर येतं. कूलंट मात्र गरम असतं, त्याचं प्रेशर बराच वेळ टिकतं. त्या वेळात उलटा प्रवास सुरू होतो आणि थोडं थोडं कूलंट त्याच चिरेतून ऑइलमध्ये झिरपतं. म्हणून 'पट्टी स्वच्छ आहे, अजून आठवडाभर चालवू' असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. आज पट्टी स्वच्छ आहे, म्हणजे तुम्ही वेळेत बॉनेट उघडलंत.

हेड गॅस्केटची चाल बहुतेक वेळा वेगळी असते. गॅस्केट जास्त करून सिलिंडर आणि पाण्याच्या भोकाच्या मधे जळतं. मग ज्वलनाचा गॅस कूलंटमध्ये घुसतो, बाटलीत बुडबुडे येतात, कूलंट बाहेर फेकलं जातं, काटा वर जातो, सकाळी सुरू करताना एखादा सिलिंडर पेट घेत नाही आणि सायलेन्सरमधून पांढरा, गोडसर वासाचा धूर येतो. तुम्ही यातलं एकही लक्षण लिहिलेलं नाही. हेडमध्ये वर चढणारी ऑइलची वाट आणि शेजारचं पाण्याचं भोक यांच्या मधेच गॅस्केट फुटलं, तर तुमच्यासारखं चित्र दिसू शकतं. म्हणून शक्यता शून्य म्हणत नाही, पण ती दुसऱ्या नंबरची आहे.

हे मी एका गाडीवर शिकलो, आणि ते अजून लागून राहिलंय. गारगोटीकडच्या एका शिक्षकांची डिझेल गाडी होती, खुणा अगदी तुमच्यासारख्या. मी कूलर काढला, नळाच्या गार पाण्याच्या बादलीत बुडवून हवा मारली. एक बुडबुडा आला नाही. कूलर चांगला आहे असं ठरवून मी हेड उतरवलं. गॅस्केट अखंड, हेड सपाट. नवं गॅस्केट, नवे बोल्ट घालून गाडी दिली आणि बाराव्या दिवशी बाटलीत पुन्हा साय. तेव्हा तोच कूलर मी चुलीवर तापवलेल्या पाण्यात धरला. पाच मिनिटं काही नाही. मग पत्रे पुरते तापले, आणि एका कोपऱ्यातून मोहरीएवढ्या बुडबुड्यांची बारीक माळ वर यायला लागली. कूलर गार होऊ दिला, माळ थांबली. चीर फक्त तापल्यावर उघडत होती. हेडच्या कामाचे पैसे मी त्यांना परत केले, पण आठ-दहा दिवस त्यांची गाडी नाहक माझ्या दारात पडून राहिली ती राहिलीच. तेव्हापासून कूलरची टेस्ट गरम पाण्यातच, हा माझ्याकडे नियम आहे. तुमच्या गॅरेजमध्येही तेवढा आग्रह धरा: पाणी हात घालवणार नाही इतकं गरम, कूलंटची बाजू मोकळी, ऑइलच्या बाजूने ४ ते ५ बार हवा, आणि निदान पंधरा मिनिटं नजर हलवायची नाही.

कूलर काढल्यावर ब्लॉकला बसणारं त्याचं सीलही पाहा. कधी कधी कूलर ठणठणीत असतो आणि मधलं रबर दगडासारखं कडक, चपटं झालेलं असतं. नखाने दाबलं तर दबत नाही. मग काम आणखी स्वस्तात होतं.

कूलर काढण्याआधी घरच्या घरी करता येतील अशा दोन-तीन गोष्टी आहेत. गाडी रात्रभर उभी आहे, इंजिन पूर्ण गार आहे, याची खात्री असेल तरच बाटलीचं झाकण उघडा. गरम इंजिनावर झाकण काढल्याने माझ्याकडच्या एका पोराचा हात कोपरापर्यंत भाजला होता. झाकण उघडल्यावर ती साय बोटावर घेऊन चोळा. ऑइलची असेल तर चिकट, बुळबुळीत लागते, साध्या पाण्याने हात धुतला तरी सुटत नाही. चोळल्यावर रवाळ किंवा जेलीसारखी लागली आणि तिला ऑइलचा वास नसेल, तर वेगळी शंका घ्या. कोणीतरी हिरव्या कूलंटवर लाल किंवा गुलाबी कूलंट ओतलं असेल. दोन जातींची रसायनं एकत्र आली की कधी कधी असा गोळा होतो. त्याला हेडही खोलायचं नसतं आणि कूलरही नाही, नुसतं नीट फ्लशिंग करायचं असतं.

दुसरी परीक्षा ऑइलची. जुना स्टीलचा चमचा गॅसवर चांगला तापवा, गॅस बंद करा आणि पट्टीवरचा ऑइलचा एकच थेंब त्यावर सोडा. तोंड लांब ठेवा. शुद्ध ऑइल नुसतं पसरतं आणि धुरकटतं. पाणी असेल तर ओला कढीपत्ता फोडणीत टाकल्यासारखं तडतडतं. अगदी थोडं पाणी असलं तरी आवाज येतो. डोळ्यांना काळं, स्वच्छ दिसणारं ऑइल या परीक्षेत उघडं पडतं. ऑइलमध्ये कूलंट उतरलंय का, हे ठरवायला माझा पहिला विश्वास यावरच आहे.

गॅरेजमध्ये नेल्यावर चेंबरचा (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याचा) ड्रेन बोल्ट हळूहळू सैल करायला सांगा. पाणी ऑइलपेक्षा जड, रात्रभरात खाली बसलेलं असेल तर ऑइलच्या आधी तेच गळतं. मग कूलंटला हातपंप लावून झाकणावर लिहिलेल्या आकड्याइतकं प्रेशर भरायचं आणि अर्धा तास काटा बघत बसायचं. काटा उतरतोय पण बाहेर कुठे थेंब नाही, म्हणजे कूलंट आतल्या आत जातंय. हेडची शंका निकालात काढायला बाटलीच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी धरतात. कूलंटमधून ज्वलनाचा गॅस येत असेल तर निळा रंग पिवळा किंवा हिरवट होतो. बाटलीतली साय त्या नळीत ओढली गेली तर टेस्ट फुकट जाते, म्हणून आधी वरची साय काढून पातळी खाली घ्यायची. हे साधन नसेल तर हात आहेच. फक्त या परीक्षेपुरतं, कूलंटचं झाकण बंद करून गार इंजिन सुरू करा आणि वरचा होस पाइप मुठीत धरा. इंजिन कोमटसुद्धा झालं नाही आणि मिनिटभरात पाइप दगडासारखा ताठ झाला, तर सिलिंडरमधला गॅस कूलंटमध्ये येतोय. एक-दोन मिनिटांच्या वर इंजिन चालू ठेवू नका.

या परीक्षांनंतरही उत्तर मिळालं नाही, तर प्रत्येक सिलिंडरमध्ये बाहेरून हवा भरून ती कुठून गळते ते पाहायचं. पिस्टन वर, सगळे व्हॉल्व्ह बंद. बाटलीत बुडबुडे आले तर तो सिलिंडर दोषी. हेडला हात लावायचा तो यानंतर.

आता धरून चालू की कूलरच निघाला. कूलर नवा घाला. जुन्याला वेल्डिंग किंवा ब्रेझिंग करून देतो म्हणणारे भेटतील, पण बाहेरचा सांधा भरता येतो, पत्र्यांच्या पोटातला नाही. कूलर बदलणं हे तासा-दोन तासांचं काम. खरी मेहनत पुढे आहे, आणि बहुतेक ठिकाणी काम बिघडतं ते तिथेच.

कूलंटच्या सगळ्या वाटांत ऑइल चिकटलंय. रेडिएटरच्या बारीक नळ्या, हीटरची कोअर, थर्मोस्टॅट, बाटली, पाइप, सगळीकडे. नुसतं पाणी मारून ते निघत नाही. पुष्कळ जण धुण्याची पावडर टाकून इंजिन चालू करतात. तिचा प्रचंड फेस होतो, वॉटर पंप फेसात फिरत राहतो आणि पाणी पुढे ढकलतच नाही. अशाने बऱ्या गाडीचं हेड गेलेलं मी पाहिलंय. कमी फेसाचं, कूलंट सिस्टिमसाठीच बनवलेलं ऑइल काढणारं फ्लश वापरायचं. माझी पद्धत सांगतो. बाटली काढून बाहेर वेगळी धुतो, फारच मेणचटली असेल तर नवी घालतो. थर्मोस्टॅट काढून ठेवतो, म्हणजे पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरतं. हीटर पूर्ण गरमवर. फ्लश घालून इंजिन गरम होईपर्यंत चालवायचं, गार होऊ द्यायचं, सोडायचं, पुन्हा भरायचं. दोन वेळा फ्लश, त्यानंतर नुसतं पाणी. किती वेळा, हे आकड्यावर ठरवत नाही. सोडलेलं पाणी पांढऱ्या बादलीत घेतो आणि रात्रभर तसंच ठेवतो. सकाळी वर इंद्रधनुष्यासारखा तवंग दिसला तर पुन्हा एक फेरी. हीटरची कोअर मात्र पाइप सोडवून वेगळी, उलट्या दिशेने धुवायची. विसरली जाते ती हीच, आणि महिनाभराने तिच्यातलं ऑइल बाहेर येऊन मालकाचा जीव टांगणीला लावते.

तीन-चार दिवस लागतात. अण्णांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे ते गॅरेजवाल्यांच्या मागे घाई लावणार नाहीत. हे काम दिवसात करून देतो म्हणणाऱ्याकडे गाडी देऊ नका.

मग पाइप. कूलंटचे रबरी पाइप कूलंटसाठी बनवलेले असतात, ऑइल त्यांना सोसत नाही. ऑइल शोषलं की रबर फुगतं, मऊ पडतं. क्लॅम्पच्या दोन्ही बाजूंना पाइप चिमटीत धरून पाहा. चांगला पाइप दाबला की लगेच उसळून परत येतो. ऑइल प्यायलेला पाइप बोटाखाली भिजलेल्या पावासारखा लागतो आणि दाबल्याचा खड्डा हळू भरतो. असे पाइप आज धुऊन घातले तर आणखी चार महिन्यांनी फोंडा घाटात नाहीतर करुळच्या वळणावर फुटतील, आणि तेव्हा खरोखर हेड जाईल. झाकण, थर्मोस्टॅट आणि त्याचं सील बदलाच. वॉटर पंपाच्या भोकातून ओल दिसत असेल तर तोही.

शेवटी भरताना कूलंट कंपनीने सांगितलेल्या जातीचंच, आणि त्यात मिसळायला डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड पाणी. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार फार, रेडिएटरच्या नळ्यांत पांढरा थर बसतो आणि अॅल्युमिनियमचं हेड पोखरतं. भरल्यावर सिस्टिममधली हवा नीट काढायची. हवेचा गोळा हेडमध्ये अडकला तर काटा शांत दिसतो आणि हेड कोरडं तापतं.

ऑइलची बाजू तुमच्या गाडीत बहुधा वाचली आहे, पण चमच्याची परीक्षा तडतडली असेल तर हे वाचा. कूलंटमधलं ग्लायकॉल ऑइलमध्ये मिसळून तापलं की त्याचं आम्ल तयार होतं आणि ते बेअरिंगचा वरचा मऊ थर खातं. शिवाय त्याचा चिकट गाळ होऊन फिल्टर आणि बारीक वाटा तुंबतात. ऑइल दुधाळ झालेलं असताना इंजिन चाललं असेल, तर नुसतं ऑइल बदलून गाडी देऊ नये. चेंबर उतरवायचा, ऑइल उपसणारी जाळी धुवायची आणि एका कनेक्टिंग रॉडची कॅप काढून बेअरिंग उजेडात धरायचं. एकसारखा फिका राखाडी रंग असला की हायसं वाटतं. मधे तांबूस पट्टे उघडे पडले असतील तर सगळी बेअरिंग बदलायची. चेंबर बसवून त्याच ग्रेडचं स्वस्त ऑइल आणि नवा फिल्टर घाला, दहा-पंधरा मिनिटं रेस न देता चालवा आणि गरम असतानाच सोडा. पुन्हा दुधाळ आलं तर पुन्हा तेच. मग चांगलं ऑइल, नवा फिल्टर, आणि ५०० किलोमीटरला आणखी एकदा दोन्ही बदला. चेंबरमध्ये डिझेल ओतून इंजिन 'धुवायची' जुनी चाल अजून दिसते. डिझेलने ऑइलचा थर पातळ होतो आणि आधीच दुखावलेली बेअरिंग धातूवर धातू घासतात. करू देऊ नका.

सगळ्या परीक्षा होऊन हेडच निघालं, तर घाबरायचं कारण नाही. आपण कोल्हापूरकर याबाबतीत नशीबवान. शिवाजी उद्यमनगरात ऑइल इंजिनं बनवण्यात पिढ्या गेल्या, हेडचं फेसिंग (घासून सपाट करणं) आणि टेस्टिंग करणारे जाणते हात अजून तिथे आहेत. पण क्रम सांभाळा. हेड गार झाल्यावरच बोल्ट सोडायचे, टोकांकडून मधे, थोडे थोडे. जुनं गॅस्केट फेकायचं नाही. ते उजेडात धरा, फुटलेल्या जागेतून काळी वाट गेलेली दिसते, तीच दुखण्याची जागा. ती वाट सापडत नसेल तर थांबा आणि पुन्हा विचार करा. मग हेडवर सरळ पट्टी धरून फीलर गेज घालून पाहायचं. अॅल्युमिनियम हेडला बऱ्याच कंपन्या ०.०५ मिलिमीटरच्या आसपासच मुभा देतात. तुमच्या इंजिनाचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा. उद्यमनगरात पाठवताना सांगा, आधी गरम पाण्यात प्रेशर टेस्ट, मग फेसिंग. फेसिंगनंतर तडा सापडला तर दोन्ही पैसे गेले.

डिझेलला फेसिंग करताना जास्तच जपावं लागतं. पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्यात जागा मुळात फार थोडी असते. हेड घासलं की ती आणखी कमी होते, म्हणून काही कंपन्या फेसिंगला साफ मनाई करतात. डिझेलचं गॅस्केटही एकाच जाडीचं नसतं. पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो हे डायल गेजने मोजून जाडी ठरते, गॅस्केटच्या कडेला खाचा किंवा भोकं पाडून ती दाखवलेली असते. जुन्यावरच्या खाचा मोजून नवं आणा. ब्लॉकचा पृष्ठभाग साफ करायला ग्राइंडरला एमरीची चकती लावणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवा. तिची पूड ऑइलच्या वाटांत जाते आणि नवी बेअरिंग काही दिवसांत ओरबाडते. ब्लॉकमधली बोल्टची भोकं कोरडी हवीत. तळाला ऑइल-पाणी साठलं असेल तर बोल्ट आवळताना ते दबत नाही आणि ब्लॉकलाच तडा जातो. बोल्ट नवे, कारण आजचे बहुतेक बोल्ट एकदाच ताणण्यासाठी बनवलेले असतात. आवळायचे मधून टोकांकडे, टॉर्क पान्याने टप्प्याटप्प्याने, आणि शेवटचा टप्पा अंशांत. स्टीलच्या थरांच्या गॅस्केटवर शेलॅक किंवा सिलिकॉन काही लावायचं नाही. हाताच्या अंदाजावर हेड आवळणारे उत्तम मिस्त्री मी पाहिलेत, त्यांच्याकडूनच शिकलो, पण ती इंजिनं वेगळी होती.

हेड गेलं असेल तर ते का तापलं हे शोधल्याशिवाय गाडी जोडू नका. आपल्याकडे गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागून रांगत जावं लागतं. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत पाचटाचे तुकडे आणि धूळ बसून नमदा तयार होतो. पुढून पाहिलं तर जाळी स्वच्छ, मधे हवा बंद. दोन्ही वेगळे केल्याशिवाय दिसत नाही.

वाचणाऱ्या इतरांसाठी काही वेगळ्या गोष्टी लिहून ठेवतो. ऑटोमॅटिक गाडीत रेडिएटरच्या पोटात गिअर ऑइलचा कूलर असू शकतो. बाटलीत गुलाबी साय आली तर इंजिन सोडून गिअरबॉक्सकडे बघा आणि गाडी एक किलोमीटरही चालवू नका, आतल्या क्लच प्लेटा पाणी सहन करत नाहीत. जुन्या जीप आणि ट्रॅक्टरच्या ओल्या लायनरच्या (सिलिंडरच्या नळीला बाहेरून थेट कूलंट लागतं अशा) इंजिनात लायनरखालच्या रबरी रिंगा गेल्या की कूलंट सरळ चेंबरमध्ये उतरतं. पावसाळ्यात घर ते बाजार अशा दोन किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ऑइल भरायच्या झाकणाखाली पिवळट लोणी दिसतं. पट्टी आणि बाटली स्वच्छ असेल, कूलंट कमी होत नसेल, तर ती नुसती इंजिनातली वाफ आहे. एकदा हायवेला पाऊण तास चालवून आणा.

पुराच्या गाड्यांचं वेगळं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेच्या पाण्यात बुडालेल्या गाड्यांचं ऑइल दुधासारखं झालं होतं, आणि कित्येकांना हेड गॅस्केट गेल्याचं सांगितलं गेलं. कूलंटची बाटली स्वच्छ, पातळी जागेवर आणि ऑइल दुधाळ, तर ते बाहेरून आलेलं पाणी आहे. अशी गाडी सेल्फ मारून बघायची नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर पहिल्याच फेऱ्यात कनेक्टिंग रॉड वाकतो.

आणि गाडीतून सोडलेलं कूलंट उघड्या घमेल्यात ठेवू नका. त्याची चव गोड असते, कुत्री पितात आणि मूत्रपिंडं निकामी होऊन तडफडून मरतात. माझ्या गल्लीतलं एक असंच गेलं. झाकणाच्या डब्यात भरा, ऑइल वेगळ्या डब्यात, आणि जुनं ऑइल गोळा करणाऱ्याला द्या. गटारात ओतलं की ते शेवटी नदीतच जातं.

तुमच्या गाडीचं काम झाल्यावर पहिले दोन-तीन आठवडे रोज सकाळी, इंजिन गार असताना, बाटली बघा. थोडा तवंग येईल. कितीही धुतलं तरी कोपऱ्यातलं ऑइल सुटत राहतं. पातळीवर मार्करने रेघ मारा, टिश्यू पेपर वर टेकवून तवंग टिपून घ्या आणि तो कागद तारीख घालून ठेवून द्या. डाग दर आठवड्याला फिका होत गेला तर काम नीट झालंय. डाग तेवढाच राहिला किंवा वाढला, तर ते कागद घेऊन गॅरेजमध्ये जा, आणि तेव्हा हेडची गोष्ट काढा.